लिन मावशींसाठी बिनलसणाची चटणी

११ डिसेंबर. सकाळपासून गच्चीवर बसून ब्याडगी मिरच्यांची देठं काढते आहे. मिरच्या वाळवून, कुटून, गाळून तिखट पिशवीत भरायचं आणि मुलीला पार्सल करायचं, असा बेत आहे. शेजारच्या सुमनताई कपडे वाळत घालायला वर आल्या. त्या मूळच्या मोडनिंबच्या. कुणी काम करताना दिसलं की त्यांना बसवत नाही.

"शेंगा चटणीचं तिखट व्हय? लसूण आणू का सोलायला? घरचा हाय."

"लसूण नको, सुमनताई. ही बिनलसणाची चटणी आहे."

"बिनलसणाची शेंगा चटणी? आजारी माणसाला हाय का?"

"नाही. तैवानला एक मावशी आहेत, त्यांच्यासाठी."

त्यांनी हातातले चिमटे खाली ठेवले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी लई बदलून आलात बघा तिकडनं," म्हणाल्या आणि उरलेले कपडे वाळत घालायला लागल्या.

आल्यापासून सगळे मला तैवानबद्दल विचारतात, पण प्रश्न ठरलेले असतात. थंडी होती का, साप खातात का, सोनं स्वस्त आहे का. शाळेच्या ऑफिसात मी मुख्य लिपिक आहे, त्यामुळे हजेरीवर सही करायला येणारा प्रत्येक जण यातला एक प्रश्न विचारून जातो. मी जे बघितलं ते या प्रश्नांच्या उत्तरात बसत नाही. म्हणून मिरच्या वाळेपर्यंत लिहून काढते.

माझी मुलगी स्नेहल चार वर्षांपूर्वी तैवानातल्या तैनान या गावी गेली. तिथल्या विद्यापीठात ती फळमाशीवर संशोधन करते. यंदा तिचा करार संपत आला होता. तिथले लोक आणखी तीन वर्षं राहा म्हणत होते. इकडे सोलापुरात एका संस्थेला डाळिंबावरच्या किडींवर काम करायला माणूस हवा होता आणि तिचं नाव जवळजवळ नक्की होतं. नोव्हेंबर संपायच्या आत तिला दोन्हीकडे कळवायचं होतं. फोनवर विचारलं की ती "बघू" म्हणायची आणि विषय बदलायची.

दिवाळीची सुट्टी आणि साठलेली रजा जोडून मी महिनाभर जायचं ठरवलं. आमच्या ह्यांचे गुडघे विमानात तेवढा वेळ दुमडून राहत नाहीत, म्हणून एकटीच. स्टेशनवर ह्यांनी बॅग चढवून दिली आणि म्हणाले, "घेऊनच ये की तिला. चार वर्षं लई झाली."

माझंही मत तेच होतं. निघण्याआधी मी तिच्या खोलीतलं कपाट अर्धं रिकामं करून ठेवलं होतं. परक्या गावात तिला आहे कोण, हा माझा एकच मुद्दा होता आणि त्याला तिच्याकडे उत्तर नसेल अशी माझी खात्री होती.

स्नेहलची खोली

तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. खोली स्वच्छ. पण दार उघडल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, की तिथे जड असं काहीच नाही. टेबल घडीचं. कपाट कापडाचं, चेन लावायचं. एक तवा, एक पातेलं, बॅगेत मावेल एवढा छोटा मिक्सर, प्लास्टिकच्या दोन ताटल्या. भिंतीला एक खिळा नाही. एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसाचं सामान असतं तसं. आणि गाडीची वाट बघत चार वर्षं.

पहिल्या दिवशी मी पोळ्या लाटल्या त्या पाण्याच्या बाटलीनं, उपड्या ताटलीवर. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पोळपाट-लाटणं तरी घेऊ. स्टेशनजवळ थायलंड, व्हिएतनामकडून आलेल्या लोकांची दुकानं आहेत, तिथे ती मला घेऊन गेली. पोळपाट मिळाला नाही, पण एका दुकानात जमिनीवर दगडी खलबत्ते मांडलेले होते. काळे, जाड कडांचे, आपल्याकडे असतात तसेच. मी एक उचलून बघितला. बत्ता हातात बसत होता.

"ठेव खाली, आई."

"अगं, चांगला आहे."

"चांगला आहे, पण परत येताना काय करायचं त्याचं? माझा नियम आहे. बॅगेत मावणार नाही, उचलवणार नाही, असलं काही घ्यायचं नाही."

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं तिला ऑर्किडची कुंडी दिली होती, तीसुद्धा तिनं दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती. मी खलबत्ता खाली ठेवला. मनात म्हटलं, म्हणजे हिचं ठरलेलंच आहे, परतच यायचंय. बरं वाटलं. तरी ती कुंडी डोक्यातून जाईना. मी कधी कुणाला कुंडी देऊन टाकलेली नाही.

मैदान

तिच्या घरामागे एक मोठं मोकळं मैदान आहे. दिवसा तिथे नुसतं डांबर आणि चार गाड्या उभ्या. दोन दिवस मी गॅलरीतून ते बघत होते. गुरुवारी संध्याकाळी चार वाजता चहा घेऊन उभी राहिले तर छोटे टेम्पो येऊन लागत होते. दिव्यांच्या माळा, गॅसच्या टाक्या, पाण्याचे पिंप. बघता बघता गल्ल्या तयार झाल्या आणि अंधार पडेपर्यंत माणसांना पाय ठेवायला जागा नाही.

स्नेहल म्हणाली, "हा रात्रबाजार. रोज नसतो. ठरलेल्या वारी इथे, बाकीचे वार दुसऱ्या मैदानावर. दुकानदार तेच."

मला हसू आलं. माझं माहेर माढ्याचं. आमच्या आठवडी बाजारात चुरमुरेवाला, बांगडीवाली, चपलावाला यांचं असंच असायचं. आज माढा, उद्या मोडनिंब, परवा आणखी कुठे. वार बदलला की गाव बदललं, माणसं तीच. फरक इतकाच, की आपला बाजार दिवे लागायच्या सुमाराला उठतो आणि त्यांचा तेव्हा भरतो.

आत शिरल्यावर पहिल्यांदा अंगावर येतो तो वास. त्यांच्याकडे सोयाबीनचं पनीर असतं, टोफू म्हणतात. ते आंबवून तळतात. तुंबलेली मोरी आणि गरम तेल, दोन्ही एकत्र. लोक रांग लावून खात होते. मी पदर नाकाला लावला आणि पुढे झाले. शाकाहारी माणसानं इथे खायचं काय, हा खरा प्रश्न होता. स्नेहलनं त्याचं उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं.

"ज्या गाडीवर स्वस्तिक दिसेल तिथे डोळे मिटून खा. उलट्या तोंडाचं असतं, पण स्वस्तिकच. म्हणजे इथे मांस, मासे, अंडं काही नाही."

चायनीज अक्षरांच्या त्या जंगलात स्वस्तिक दिसल्यावर मला आपल्या आळीतलं कुणी भेटल्यासारखं झालं. एका गाडीवर रताळ्याचे गोळे तळत होते. तेलात टाकले की झाऱ्यानं दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. दर वेळी गोळा मोठा होतो आणि शेवटी आतून पोकळ, लिंबाएवढा. त्यात काय काय असतं ते मी स्नेहलला विचारायला लावलं. रताळं, साबुदाणा करतात त्या कंदाचं पीठ आणि साखर. म्हणजे उपासाला चालणारं. पुढच्या एकादशीला मी तेच खाल्लं आणि इकडे ह्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तुला काय, कुठंबी उपास सापडतो."

पेरूची मात्र गंमत झाली. जेऊरला माझ्या भावानं दोन एकरांवर 'तैवान पिंक' लावला आहे. करमाळ्याकडे सध्या सगळ्यांच्या तोंडी हेच नाव. मी मोठ्या तोऱ्यात पेरूच्या गाडीवर गेले आणि गुलाबी पेरू मागितला. बाईनं मला पांढरा, कडक, काकडीसारखा कुरकुरीत पेरू कापून दिला. गुलाबी? तिनं मान हलवली. मी बघितल्या त्या सगळ्या गाड्यांवर पांढराच. त्यावर मीठ-तिखट नाही, आंबटगोड आलुबुखाराची पूड भुरभुरवलेली. चव चांगली होती. भावाला काही मी हे सांगितलेलं नाही, तो खत घालण्याच्या गडबडीत आहे.

रंधा

बाजाराच्या मधल्या गल्लीत, त्या वासाच्या टोफूवाल्याच्या शेजारी, एक साठीची बाई उभी होती. केस बारीक कापलेले, हातात रबरी मोजे, एक गुडघा जरा वाकडा. तिच्या गाडीवर स्वस्तिक होतं. पुढ्यात शेंगदाण्याच्या चिक्कीची पाटाएवढी लादी, आणि त्या लादीवर ती चक्क सुताराचा रंधा फिरवत होती. लाकडाचा निघतो तसा चिक्कीचा पातळ भुसा निघून ढीग होत होता. मी सोलापूरची आहे. शेंगदाणा भाजलेला, कुटलेला, उकडलेला, आमटीतला, लाडवातला, सगळा बघितला आहे. रंधलेला कधी बघितला नव्हता.

बाईनं मान वर केली आणि स्नेहलला काहीतरी विचारलं. स्नेहल गडबडली. बाईनं रंध्यानंच पलीकडच्या एका गाडीकडे बोट केलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"जेवलीस का विचारतात. नाही म्हटलं. आता आधी तिकडे जाऊन नूडल्स खाऊन या म्हणतात, मग हे देणार."

"आपण पैसे देऊन घेणार ना?"

"लिन मावशींचं तसं नसतं, आई. मी न जेवता आले तर त्या मला गोड देत नाहीत."

रांगेत मागे सहा-सात माणसं. आम्ही दोघी शाळेतून हाकलल्यासारख्या तिकडे गेलो. तिथेही स्वस्तिक होतं. मशरूम घातलेल्या नूडल्स उभ्यानं खाल्ल्या आणि परत येऊन रांगेत लागलो. नंबर आला तेव्हा लिन मावशींनी स्नेहलचं तोंड बघितलं, ओठाच्या कडेला रस्सा लागलेला होता, आणि मान हलवली. आता ठीक.

मग त्यांनी मांड्यासारखी पातळ पोळी पसरली, त्यावर चिक्कीचा भुसा मुठीनं, त्यावर आईस्क्रीमचे तीन गोळे, आणि त्यावर चिरलेली कोथिंबीर. मला वाटलं चुकून पडली. मी हात पुढे करून काढायला सांगणार, तोवर त्यांनी पोळी गुंडाळून रोल केलासुद्धा. स्नेहलनं माझा हात धरला. "आधी खा."

खाल्लं. शेंगदाणा खमंग, आईस्क्रीम गार, आणि मध्येच कोथिंबीर. आपल्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि कोथिंबीर असतेच, ती ओळख जिभेला पटली. दुसऱ्या घासाला मागची बाजू उघडली आणि अर्धं आईस्क्रीम माझ्या साडीच्या निऱ्यांवर. लिन मावशींनी कागदाचा गठ्ठा पुढे केला आणि हातवारे करून दाखवलं, असं आडवं धरायचं नाही, उभं धरायचं. टोफूवाला, हातभर गोंदवलेला माणूस, मोठ्यानं हसला. मीही हसले. दुसरं काय करणार.

घरी येताना मी स्नेहलला म्हटलं, "ती बाई तुला बरीच ओळखते."

"चार वर्षं जातेय ना, आई," ती म्हणाली.

डबा

पुढच्या वेळी मी जाताना शेंगा चटणीची बाटली बरोबर घेतली. सोलापूरहून चार नेल्या होत्या. कुणी आपल्या मुलीला जेवल्याशिवाय गोड देत नसेल तर तिला रिकाम्या हातानं भेटायला जायचं नाही, एवढं मला कळतं. शेंगदाण्याची माणसं, शेंगदाण्याचीच भेट.

लिन मावशींनी मोजे काढले, हात पुसले आणि बाटली दोन्ही हातांनी घेतली. झाकण उघडून वास घेतला. क्षणभर थांबल्या. मग हसून, कमरेत वाकून आभार मानले आणि बाटली मागच्या फळीवर नीट ठेवली. मी खूश.

मैदानाबाहेर आल्यावर स्नेहल म्हणाली, "आई, त्या लसूण खात नाहीत."

"असं कसं? शाकाहारी आहेत ना?"

"म्हणूनच. इथे व्रतानं शाकाहार करणारे कांदा-लसूणही खात नाहीत. स्वस्तिकाचा अर्थ तोही आहे."

"मग तू तिथेच का नाही बोललीस?"

"तू इतक्या हौसेनं दिलीस. आणि त्यांनी घेतलीसुद्धा. मध्ये कशी बोलू?"

आमच्या घरी चातुर्मासात सासूबाई कांदा-लसणाला शिवत नसत. त्यांच्यासाठी वेगळी कढई असायची. घरी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला 'कांदा-लसूण चालतं ना' हे मी दारातच विचारते. आणि इतक्या लांब येऊन नेमकं तेच विचारायचं राहिलं. परदेशी बाईला काय, सगळं चालत असेल, असं मी नकळत धरून चालले होते. माझ्या गावच्या बाईला मी असं कधी धरलं नसतं.

त्या रात्री मी स्नेहलच्या मिक्सरवर बिनलसणाची चटणी करून बघितली. दाणे भाजले, तिखट, मीठ, जिरं घातलं. मिक्सरमधून निघाली कोरडी पूड. शेंगा चटणीला तेल सुटायला हवं, ती बोटांनी दाबली की गोळा व्हायला हवी. पातं दाण्याला कापतं, कुटत नाही. दोनदा केली, दोनदा फसली. मी फार चिडले.

पुन्हा बाजाराचा वार आला. लिन मावशींनी आम्हाला बघितल्याबरोबर माझी बाटली काढून पुढे केली. ती रिकामी नव्हती. आत चिक्कीचा भुसा दाबून भरला होता.

"चटणी टोफूवाल्यानं खाल्ली म्हणतात," स्नेहल सांगायला लागली. "दोन दिवसांत. घाम पुसत पुसत. आणखी आहे का विचारतोय. आणि बाटली रिकामी परत द्यायची नसते म्हणून हे."

टोफूवाल्यानं लांबूनच अंगठा दाखवला.

मी बाटली धरून उभी राहिले. आमच्याकडे कुणाचा डबा आला की त्यात चार साखरफुटाणे तरी घालून परत पाठवतात. आई नेहमी तसं करायची, मी करते. लिन मावशींच्याही आईनं तेच शिकवलं असणार.

मी स्नेहलला म्हटलं, "त्यांना सांग, माझं चुकलं. जायच्या आत बिनलसणाची करून देते."

तिनं सांगितलं. लिन मावशींनी हात हलवला, त्यात काय एवढं. मग माझ्याकडे बघून बरंच काही बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. तब्येतीला जपा म्हणाल्या."

लिन मावशींना कळलं की पोरगी नीट सांगत नाही. त्यांनी रंधा खाली ठेवला. स्नेहलकडे बोट केलं. मग स्वतःच्या कपाळावर हात ठेवून चटका बसल्यासारखा झटकला. दोन बोटांनी जिना चढून दाखवला, एक, दोन, तीन मजले, आणि वाकड्या गुडघ्यावर थाप मारली. मग हातात वाटी धरल्यासारखं केलं, चमचा भरला, फुंकर घातली, आणि तो चमचा स्नेहलच्या तोंडापर्यंत नेला. स्नेहलनं तोंड फिरवलं. मावशींनी खोटा राग आणून डोळे वटारले, म्हणजे तेव्हाही अशीच तोंड फिरवत होती.

यात भाषांतर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी. डेंग्यू झाला होता."

गेल्या वर्षी एकदा तिचा फोन आठवडाभर आला नव्हता. कामाची गडबड आहे, असा मेसेज तेवढा यायचा.

"मला सांगितलं नाहीस."

"सांगून तू काय केलं असतंस, आई? व्हिसा, तिकीट, रजा. बाबा जागे राहिले असते. दोन बाजारांना मी गेले नाही, तर ह्या पत्ता विचारत घरी आल्या. भाताची पेज आणायच्या. मी बरी होईपर्यंत रोज."

रांग खोळंबली होती, पण कुणी कुरकुर केली नाही. लिन मावशींनी दोन रोल बांधून आमच्या हातात दिले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. मी त्या गाडीवर आत वाकले आणि त्यांचा हात धरला. रबरी मोज्यातला, चिक्कीनं चिकट झालेला. रोल वितळायला लागला होता, म्हणून बाजूला होऊन तो आधी संपवला. या वेळी उभा धरला होता.

मैदानाच्या कडेला सिमेंटचा कट्टा आहे, तिथे आम्ही बसलो. समोर दिव्यांच्या माळा, धूर, माणसं. एक बाप पोरीला खांद्यावर घेऊन कणीस भरवत होता. स्नेहल पायाशी बघत म्हणाली, "आई, सोमवारी कळवायचंय."

"माहीत आहे."

"बाबा रोज विचारतात. तू आल्यापासून एकदाही विचारलं नाहीस."

"तुला काय हवंय?"

"मला काम हे आवडतं. पण तुम्ही दोघंच तिकडे. बाबांचे गुडघे. मला तू सांग काय करू. तू ये म्हणालीस तर मी येईन, आणि मनापासून येईन."

ती खरं बोलत होती. मी ये म्हटलं असतं तर ती कापडी कपाटाची चेन ओढून, घडीचं टेबल घडी करून दुसऱ्या दिवशी निघाली असती. म्हणूनच तर तिनं जड काही घेतलं नव्हतं. चार वर्षं ती माझ्या हाकेची वाट बघत, बॅग भरून ठेवल्यासारखी राहिली होती. आणि मी इकडे म्हणत होते, तिथे तिला आहे कोण.

"उद्या बघू," मी म्हटलं. तिचाच शब्द तिला परत दिला. तिचं तोंड उतरलं, पण माझ्याकडे तेव्हा वाक्य तयार नव्हतं, आणि मला असली वाक्यं बोलताही येत नाहीत.

घरी आल्यावर ह्यांचा फोन आला. "काय म्हणते? दोघींचं तिकीट कधीचं काढायचं?" मी म्हटलं, सकाळी सांगते. तीस वर्षं संसार केला आहे, माझ्या 'सकाळी सांगते'चा अर्थ त्यांना कळतो. मग म्हणाले, "बरी हाय ना पोरगी?"

"बरी आहे. जेवते वेळेवर," मी सांगितलं. "जेवल्याशिवाय तिला कुणी सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्नेहल झोपलेली असताना मी चप्पल घातली आणि बस पकडून स्टेशनजवळच्या त्या दुकानात गेले. दुकान नुकतंच उघडत होतं. खलबत्ता तिथेच होता. मी तो उचलला, बत्ता पिशवीत घातला, पैसे दिले. बसमध्ये एका म्हाताऱ्यानं मला जागा दिली. खलबत्ता मांडीवर घेऊन बसले. जिन्यात प्रत्येक मजल्यावर तो खाली ठेवावा लागला. लिन मावशी त्या गुडघ्यानं पेज घेऊन कशा चढल्या असतील, ते तेव्हा नीट समजलं.

ओट्यावर जागा केली. खालच्या मजल्याला धक्के जाऊ नयेत म्हणून खाली टॉवेलची चौघडी घातली, त्यावर खलबत्ता बसवला. धुतला, पुसला. दाणे भाजून सालं काढली आणि पहिली मूठ तिखट-मिठासकट आत टाकली.

दोन-चार ठोके पडले असतील, स्नेहल दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले. ती खलबत्त्याकडे बघत राहिली.

"आई, हे परत कसं न्यायचं?"

"न्यायचं नाही," मी म्हटलं. "इथेच राहील."

तिनं जवळ येऊन खलबत्त्याच्या कडेवर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे पुसायला तिनं ओढणी शोधली, ती नव्हती, म्हणून माझा पदर घेतला.

"तिखट लागलंय पदराला, डोळ्यांत जाईल," मी म्हटलं. "बाजूला हो, आणि जिरं दे."

तिनं जिरं दिलं. मी कुटायला लागले. थोड्या वेळात तेल सुटलं.